मुंबईतला दुबार आंबा आणि गार्सिया द ओर्ता

आंबा हे बारा महिने हिरवे राहणारे झाड. पानगळ होऊन ते कधी उघडे पडत नाही, पण फळ मात्र वर्षातून एकदाच देते. कोकणात थंडीत मोहर येतो आणि एप्रिल-मेमध्ये आंबा पिकतो. सोळाव्या शतकात मुंबई बेटावर मात्र वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड होते. एक बहर मे महिन्यात येई, दुसरा वर्षाच्या अखेरीस. झाडाच्या मालकाने हे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आणि ते पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापले गेले. हा मालक बागाईतदार नव्हता. तो पेशाने वैद्य होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

भारतातील औषधी वनस्पतींची, फळांची आणि रोगांची युरोपला पहिली विश्वासार्ह ओळख करून दिली ती या माणसाने. आपल्याकडे त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. गोव्यात पणजीच्या बागेला ते आहे, पण बागेत बसणाऱ्या बहुतेकांना तो कोण होता हे ठाऊक नसते.

निर्वासितांच्या घरातला मुलगा

ओर्ताचा जन्म 1500 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या सरहद्दीजवळच्या गावी झाला. आई-वडील मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा हजारो कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालात आली. त्यांत हेही होते. पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, पोर्तुगालच्या राजाने सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा बाटवलेल्या लोकांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. त्यांच्याकडे कायम संशयाने पाहिले जाई. घरात शनिवार पाळतात का, डुकराचे मांस टाळतात का, यावर शेजाऱ्यांची नजर असे. गार्सिया अशा घरात वाढला. बाहेर काय बोलायचे आणि घरात काय, हे त्याला लहानपणीच शिकावे लागले असणार.

त्याने स्पेनमधील साल्मांका आणि आल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकले. त्या काळी वैद्यक शिकणे म्हणजे ग्रीक आणि अरब आचार्यांचे ग्रंथ पाठ करणे. गॅलन, डायॉस्कोरिडिस आणि इब्न सीना यांनी जे लिहिले ते प्रमाण. रुग्ण आणि ग्रंथ यांचा मेळ बसला नाही तर चूक रुग्णाची, ग्रंथाची नाही, असा एकूण कारभार होता. शिक्षण संपवून तो मायदेशी परतला, काही काळ गावात आणि मग लिस्बनमध्ये त्याने व्यवसाय केला. पुढे त्याला लिस्बनच्या विद्यापीठात शिकवण्याचे काम मिळाले आणि राजदरबारातही त्याचा शिरकाव झाला.

एवढे स्थिरस्थावर असूनही मार्च 1534 मध्ये त्याने भारताकडे जाणारे जहाज पकडले. मार्तिम आफोंसो द सोझा या दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून तो निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. त्या वेळी पोर्तुगालात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आणण्याच्या हालचाली चालू होत्या आणि 1536 मध्ये ते आलेच. नवख्रिस्ती माणसाला गोवा लांब होता, म्हणूनच बरा होता. ओर्ता पुन्हा कधीही मायदेशी गेला नाही.

गोव्यातला दवाखाना, अहमदनगरचा दरबार

पहिली काही वर्षे तो आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी त्याने पाहिली आणि त्यांचे वर्णनही लिहिले. 1538 च्या सुमारास तो गोव्यात स्थायिक झाला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्यापासून रुग्णालयातील सामान्य शिपायापर्यंत सर्व तऱ्हेचे रुग्ण त्याच्याकडे येत. औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापारही तो करी. घराला लागून त्याने बाग केली आणि तिच्यात औषधी झाडे लावली.

त्याच्या आयुष्यातील महत्त्वाचा भाग मात्र गोव्याबाहेर घडला. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याचा तो वैद्य आणि स्नेही होता. निजामशहाच्या दरबारात अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. इब्न सीनाचे जे ग्रंथ ओर्ताने स्पेनमध्ये लॅटिन भाषांतरात वाचले होते, ते हे हकीम मुळातून वाचत. त्यांच्याशी बोलताना त्याच्या लक्षात आले की भाषांतरात औषधांच्या नावांचा बराच गोंधळ झाला आहे. एका झाडाचे नाव दुसऱ्याला चिकटले आहे, आणि अनेक द्रव्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी ती द्रव्ये डोळ्यांनी पाहिलेलीच नाहीत.

यावर त्याने काढलेला उपाय साधा होता. प्रत्येक वस्तू स्वतः पाहायची, हातात घ्यायची आणि चाखायची. तिला अरब काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, गुजराती आणि मलबारी काय म्हणतात, हे त्या त्या माणसाला विचारून घ्यायचे. मग ग्रंथ काय म्हणतो ते पाहायचे. वैद्य, व्यापारी, खलाशी, जोगी, मोलकरीण, कोणाकडूनही माहिती घ्यायला त्याला कमीपणा वाटत नसे. गोव्यातील मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य तर त्याच्या पुस्तकात थेट पात्र म्हणून येतो आणि निशोत्तराविषयी बोलतो.

आंब्याची करंडी

सन 1550 च्या दशकात मुंबईचे बेट ओर्ताला वार्षिक खंड भरण्याच्या बोलीवर मिळाले. बेट पोर्तुगीजांकडे आले होते ते 1534 च्या अखेरीस, गुजरातच्या बहादूरशहाने केलेल्या तहाने. तिथे त्याचा वाडा होता. पुढे इंग्रजांनी त्याच वास्तूभोवती आपला मुंबईचा किल्ला उभा केला असे इतिहासकार सांगतात. तो स्वतः मुंबईत फारसा राहिला नाही. कुळांकडून वसुली होई आणि बागेतली फळे गोव्याला जात.

पुस्तकातील आंब्याचे प्रकरण याच फळांनी उघडते. मुंबईचा खंडकरी गव्हर्नरसाठी आंब्यांची करंडी घेऊन येतो आणि त्यावरून बोलणे सुरू होते. वर सांगितलेल्या दुबार झाडाची हकिगत याच प्रकरणात आहे. झाडाचा हा गुण आजच्या विज्ञानाला अशक्य वाटत नाही. आंब्याला मोहर येण्यासाठी जून झालेल्या फांद्या आणि काही आठवडे थंड, कोरडी हवा लागते. काही जातींना ही थंडी तितकीशी लागत नाही, त्यामुळे वर्षात एकाहून अधिक वेळा मोहर येतो. ‘बारमासी’ या नावाने अशा जाती आजही ओळखल्या जातात.

त्याने आंब्यांची प्रतवारीही केली. कोणत्या मुलखातला आंबा सरस, कोणता वजनाला भारी, हे लिहिताना घाटावरच्या आंब्यांत त्याने चाकण आणि दौलताबादची नावे घेतली. आंबा मिठात मुरवतात, साखरेत घालतात, व्हिनेगरमध्ये टिकवतात, हे नोंदवले. कोय भाजून दिली तर जुलाब थांबायला मदत होते असा स्वतःचा अनुभव त्याने लिहिला. आंब्याच्या कोयीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते हे आता माहीत आहे, तेव्हा त्या अनुभवाला आधार आहे. अर्थात जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. कोयीने तो टळत नाही.

सर्वांत लक्ष देण्यासारखा आहे तो आंबा उष्ण की थंड हा वाद. इथले वैद्य आंब्याला उष्ण म्हणत. आंबे खाल्ले की गळवे येतात, ताप येतो, अंगावर पुरळ उठते अशी तक्रार तेव्हाही होती. घरोघरी ती आजही आहे. ओर्ताने आंब्याला थंड द्रव्यांत घातले आणि युक्तिवाद असा केला की हे विकार मे महिन्याच्या उकाड्यात होतात, आणि आंबा न खाणाऱ्यांनाही होतात. तेव्हा दोष ऋतूचा, फळाचा नव्हे. ‘उष्ण’ आणि ‘थंड’ ही त्याची परिभाषा आज मागे पडली आहे, पण विचाराची पद्धत अगदी आजची आहे. दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. खाणारे आणि न खाणारे यांची तुलना करून पाहावी लागते. औषधांच्या आजच्या चाचण्या याच तुलनेवर उभ्या आहेत. उन्हाळ्यातली गळवे घाम, घामोळे आणि त्वचेवरच्या जिवाणूंमुळे होतात. आंब्याचा जो खरा त्रास काहींना होतो तो त्याच्या चिकाचा. आंबा बिब्ब्याच्याच कुळातला असल्याने देठाजवळचा चीक लागला की ओठांना, गालांना पुरळ येते. देठाकडचा भाग कापून आणि फळ धुऊन खाल्ले की बहुतेकांचा हा त्रास टळतो.

फणस, रातांबा आणि डुरियन

आंब्यासारख्या इतर सदाहरित फळझाडांनाही पुस्तकात जागा आहे. फणस फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला लागतो याचे ओर्ताला नवल वाटले. त्याच्या आठळ्या भाजून चेस्टनटसारख्या खातात हेही त्याने टिपले. जांभूळ, करमळ, चिंच यांवर त्याने लिहिले. मलाक्क्याच्या डुरियन फळाबद्दल ऐकलेली एक गोष्ट तो सांगतो. एक व्यापारी जहाजभर माल घेऊन तिथे गेला आणि त्या फळाच्या इतका नादी लागला की सगळा माल डुरियन खाण्यातच संपवून बसला.

आपल्या रातांब्याची नोंदही त्याने केली. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात, त्यावरून पोर्तुगीजांनी ‘ब्रिंदाँव’ असा शब्द केला. आत रक्तासारखे लाल, चवीला फार आंबट, रंगासाठी उपयोगी आणि साली वाळवून समुद्रमार्गे नेतात, त्यांपासून आंबटाण करतात, असे वर्णन आहे. कोकमाच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’. हे नाव गार्सिया द ओर्ताच्या स्मरणार्थ दिले असेल असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. लिनियसने ते अठराव्या शतकातील लॉरां गार्सां या वनस्पतिशास्त्रज्ञावरून दिले.

मोडशीचे पान

डॉक्टरांच्या दृष्टीने या पुस्तकातील सर्वांत मोलाची पाने कॉलऱ्यावरची आहेत. आशियातील कॉलऱ्याचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले सविस्तर वर्णन म्हणून ती ओळखली जातात. ओर्ताने रोगाचे इथले नाव दिले आहे. ते म्हणजे आपला ‘मोडशी’ हा शब्द. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशिं’ केले आणि पुढे फ्रेंचांनी त्या उच्चाराचा ‘कुत्र्याचे मरण’ असा भलताच अर्थ लावला.

लक्षणे त्याने खाटेशेजारी उभे राहून पाहिली होती. नाडी इतकी मंद की बोटाला लागत नाही. त्वचा गार, तिच्यावर थंड घाम. आतून मात्र आग आणि न भागणारी तहान. डोळे खोल गेलेले, झोप नाही, उलट्या आणि जुलाब चालूच, पायांत वळ. काही रुग्ण दहा तासही टिकत नाहीत आणि जास्तीत जास्त टिकले तर चार दिवस, असे त्याने नमूद केले. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तीव्र निर्जलीकरणाची जी लक्षणे शिकवतात, ती जवळजवळ सगळी इथे आहेत. पाणी गेल्याने डोळे खोल जातात, रक्तदाब घसरल्याने नाडी सापडेनाशी होते, क्षार गेल्याने स्नायूंत वळ येतात.

इथले वैद्य अशा रुग्णाला मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देत, हेही त्याने लिहिले. पायांना डाग देण्याचा उपाय चुकीचा होता आणि ओर्ताची स्वतःची औषधेही फारशी कामाची नव्हती. प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या बेझोअर खड्यावर त्याची श्रद्धा होती आणि ती निराधार होती. पेज मात्र योग्य दिशेची होती. चार शतकांनंतर, 1971 च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याने असंख्य कॉलरारुग्ण वाचवले, आणि नंतर तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनीही परिणामकारक ठरली.

पुस्तक आणि त्याची भाषा

गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये. सात वर्षांनी, एप्रिल 1563 मध्ये, ओर्ताचे पुस्तक तिथे छापून निघाले. त्याचे थोडक्यात नाव ‘कोलोकियुश’, म्हणजे संवाद. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. रुआनोला ग्रंथ पाठ आहेत, ओर्ताने झाडे पाहिली आहेत. एका अर्थाने दोघेही ओर्ताच आहेत, एक साल्मांकातला तरुण आणि दुसरा तीस वर्षे इथे राहिलेला. गॅलनच्या विरुद्ध बोलण्याची छाती आपल्याला स्पेनमध्ये झाली नसती, अशी कबुलीही तो रुआनोपाशी देऊन टाकतो.

विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने पुस्तक पोर्तुगीजमध्ये लिहिले, कारण ते इथल्या लोकांना वाचता यावे. त्यात छपाईच्या चुका पुष्कळ राहिल्या. कवी कामोंइश त्या वेळी गोव्यात होता. त्याची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे.

क्लुसियस या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाला हे पुस्तक पोर्तुगालच्या प्रवासात मिळाले. त्याने लॅटिन संक्षेप करून 1567 मध्ये अँटवर्पला छापला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि युरोपभरचे वैद्य त्यावरून भारतीय औषधे शिकले. पण मूळ संवादांतील गप्पा, घर, मोलकरीण आणि मालुपा या संक्षेपातून गळून गेले.

ओर्ताला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. तो वसाहतीच्या व्यवस्थेचा भाग होता. पुस्तकात झाडपाला आणून देणारी आंतोनिया त्याच्या घरातली गुलाम होती. ज्या असंख्य देशी वैद्यांकडून तो शिकला, त्यांतील मालुपासारखा एखादाच नावाने उरला.

मांडवीत टाकलेली राख

ज्या भीतीने तो निघून आला ती त्याच्या मागोमाग आली. त्याची आई आणि बहिणी लिस्बनमधील धर्मन्यायालयाच्या कचाट्यातून सुटून 1549 च्या सुमारास गोव्याला पोचल्या. 1560 मध्ये धर्मन्यायालय गोव्यातही स्थापन झाले. ओर्ताचे पुस्तक निघाले ते याच धर्मन्यायाधीशाच्या परवानगीने. जगातील सर्व ग्रंथांवर शंका घेणारा हा माणूस स्वतःच्या श्रद्धेविषयी पुस्तकात अवाक्षर काढत नाही. मोठमोठे अधिकारी त्याचे रुग्ण होते. जिवंतपणी त्याला कोणी हात लावला नाही.

तो 1568 मध्ये वारला. त्याच वर्षी बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. ती आणि तिचे भाऊ घरात गुप्तपणे ज्यू धर्म पाळत, असे चौकशीत बाहेर आले. 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला गोव्यात जिवंत जाळले. अकरा वर्षांनी, डिसेंबर 1580 मध्ये, ओर्तावरचा खटला पुरा झाला. मेलेल्या माणसावरही खटला चालत असे. कबर खणून त्याची हाडे बाहेर काढली, जाहीरपणे जाळली आणि राख मांडवी नदीत टाकली.

तोवर अँटवर्पच्या छापखान्यातून त्याच्या पुस्तकाच्या तीन लॅटिन आवृत्त्या बाहेर पडल्या होत्या. हाडे जाळणाऱ्यांना त्या परत गोळा करता आल्या नाहीत. पोर्तुगालने पुढे विसाव्या शतकात त्याचे चित्र चलनी नोटेवर छापले आणि लिस्बनजवळच्या आल्मादा शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्याचे नाव दिले. मुंबईतील त्याच्या दुबार आंब्याची जागा मात्र आज कोणाला दाखवता येणार नाही. त्या झाडाचा पुरावा म्हणजे मालकाने लिहिलेल्या चार ओळी, एवढाच उरला आहे.